रेकॉर्ड उडवले, पण इंडेक्स कोण साफ करणार?

मित्रांनो, आज ऐन शिफ्ट बदलायच्या वेळेला आमच्या साहेबांनी डिलीटचं बटण दाबलं आणि वाळूजमधली माझी नोकरी तिथंच संपली.

गेटच्या हजेरीचे लाखो जुने रेकॉर्ड त्यांना एका दमात उडवायचे होते. म्हणे सिस्टिम हलकी होईल!

मी म्हणालो, "साहेब, हजेरीच्या या टेबलावर नऊ इंडेक्स आहेत, म्हणजे नोंद पटकन शोधायच्या नऊ याद्या. एकेक रेकॉर्ड त्या नऊंमधूनही काढावा लागतो. शिफ्ट लागल्यावर थोडे थोडे काढू."

"कॉलेज अर्धवट सोडणाऱ्यानं मला शिकवायचं नाय."

शेजारच्या खुर्चीवरची प्रिया हसली. जिच्यापायी मी एवढ्याशा पगारावर इथं टिकलो, तीच.

हजेरीचं टेबल लॉक झालं, नवी नोंदच घेईना. गेटवर कामगार कार्ड घासत उन्हात उभे. तासाभरानं डिलीट संपलं, तरी हजेरी शोधायला पहिल्याइतकाच उशीर. होणारच! शहागंजच्या बाजारातली निम्मी दुकानं उठवली अन् रिकामे गाळे तसेच ठेवले, तर गिऱ्हाईक बंद शटरांपुढंच फिरणार. इंडेक्स नव्यानं बांधावे लागतात, एवढं डिगरीवाल्याला कळू नये?

वर साहेबांनी मॅनेजरला फोन लावला. "आमच्या पोरानं इंडेक्स बिघडवले."

मी प्रियाकडं बघितलं. तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"माफी माग की," ती हळूच म्हणाली. "तुझं काय जातंय?"

तुम्हीच सांगा, असल्या माणसाची माफी मागायची? अन् असल्या पोरीवर जीव टाकायचा?

मी गळ्यातलं ओळखपत्र काढून तिच्या पुढ्यात ठेवलं, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.