भोंगा हाय की
काल खण आवरताना एक पेनड्राइव्ह सापडला आणि वालचंदनगरच्या साखर कारखान्याच्या मळीचा वास नाकात शिरल्यासारखं झालं. तिथल्या वाचनालयात कुणीतरी जुने कॉम्प्युटर दिले होते, इतके थकलेले की लिनक्सची हलकी सिस्टीम टाकली तरी धापा टाकायचे. चालू होताना मागं आपोआप काय काय सुरू ठेवायचं, हे ठरवायला माझ्याशेजारी तात्या बसले होते, कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर. मी एकेक नाव वाचत होतो. ब्लूटूथ? "हितं कुणाला लागतंय? काढ." मराठी कीबोर्ड? "त्यो ऱ्हाऊ दे, न्हायतर पोरं लिवतील कशी?" मग पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ आलं. एवढंसं तर आहे, राहू दे, म्हटलं. तात्या चिडले. "फुकट फिरणारं चाक मशीनवर ठेवत न्हाईत. भोंगा हाय की!" आमची हुज्जत मिटायच्या आत कारखान्याचा भोंगा झाला. तात्या सवयीनं उठले, पायात चपला सरकवल्या आणि दारातनं म्हणाले, "बघ, चहाची वेळ झाली. घड्याळ लागलं का?" मी घड्याळ काढून टाकलं. तीच सिस्टीम या पेनड्राइव्हवर आहे. तात्या आता नाहीत. आज पुण्याच्या फ्लॅटमध्ये ती लावून पाहिली, तर पटकन सुरू झाली. उजवा कोपरा तेवढा रिकामा. हातात फोन होता, पण त्यात वेळ पाहिली नाही. भोंग्यासाठी कान देऊन बसून राहिलो.