पोपटची स्कूटर आणि दुसरीचा धूर

नारायण पेठेतल्या पोपटला गर्व दोनच गोष्टींचा. एक, मंडईतली मेथी तो नुसती चाचपून निवडायचा. दुसरी त्याची स्कूटर. अठ्ठावीस वर्षांची, टू-स्ट्रोक, चालू झाली की अख्ख्या बोळाला कळायचं. पहाटे मंडईतून भाजीची पोती तिच्यावर लादायची आणि पेठेतल्या मेसवाल्यांना पोचवायची, घर त्यावरच चालायचं. धुराबद्दल कुणी बोललं की हा खिशातून पीयूसी काढून त्याच्या नाकासमोर धरायचा. मशीन काय खोटं बोलतं?

पीयूसी द्यायचा जयसिंग. पुलाजवळ व्हॅन लावून बसणारा, जुना दोस्त. पोपट चहा सांगायला जायचा, परत येईपर्यंत काम झालेलं.

मग सोसायटीचा सेक्रेटरी झाला शुभंकर. हिंजवडीत नोकरी, तोंडात कायम कार्बन फूटप्रिंट. त्याने ठराव आणला, जुन्या धूर ओकणाऱ्या गाड्या आवारात नकोत. त्याच आवारात त्याच्या आजोबांची पन्नाशी उलटलेली मोटार कव्हर घालून उभी. वर्षातून एकदा रॅलीला निघाली की पोपटच्या बायकोच्या, राधाच्या, वाळत घातलेल्या चादरी काळ्या. पण ती पडली विंटेज. लोक खोकत खोकत सेल्फी काढायचे.

आवारातून बाहेर म्हणजे स्कूटर बोळात, आणि बोळातून थेट टोइंगच्या गाडीवर. धंदाच बसला असता. राधाने समजावलं, जरा नमतं घ्या. पोपट कसला ऐकतोय. त्याने जयसिंगलाच मशीन घेऊन बोलावलं, तपासणी सगळ्यांसमोर.

रविवारी निम्मी सोसायटी खाली. जयसिंगने आपली स्कूटर पोपटच्या स्कूटरला खेटून लावली, पोपटच्या नंबरप्लेटचा फोटो काढला आणि मशीनची नळी हळूच स्वतःच्याच सायलेन्सरकडे नेली.

"अरे, गाडी चुकली तुझी," पोपट म्हणाला.

जयसिंगने डोळे मिचकावले. पोपटच्या डोक्यात काही शिरेना.

"एवढी वर्षं नळी हिच्यातच घालतोय," जयसिंग दबक्या आवाजात म्हणाला. "गप उभा राहा."

पोपटने त्याच्या हातातली नळी ओढली आणि आपल्या स्कूटरला लावली. स्कूटर नापास. साधी नाही, मशीनची बोलती बंद करून नापास. शुभंकर गालात हसला.

"आता तुमच्या मोटारीला लावू," पोपट म्हणाला.

"काका, ती विंटेज आहे. तिचं वेगळं असतं."

"विंटेज कधी होते हो गाडी?"

"पन्नास वर्षांनी."

पोपटने मान डोलावली. स्कूटर ढकलत नेऊन मोटारीशेजारी लावली, वरून काळी पडलेली चादर घातली आणि पुठ्ठ्याची पाटी अडकवली: 'विंटेज होत आहे. अजून बावीस वर्षे. हात लावू नये.' काढा म्हणायला शुभंकरने तोंड उघडलं, शेजारच्या कव्हरकडे बघितलं आणि मिटलं. बंद गाडी कुठून धूर ओकणार?

जागा राहिली, पण मंडईला जायचं कशावर? दुसऱ्या दिवशी पहाटे जयसिंग फाटकात हजर, आपल्या स्कूटरवर. माफी वगैरे काही नाही, नुसतं बस म्हणाला. आधी मंडई, मग मेकॅनिक.

पोपटने मागच्या सीटवर रिकामी पोती टाकली.

"माझ्या नावावर पास होत होती ना," तो म्हणाला. "आता माझी पोती पण उचल म्हणावं तिला."