पुसलेला नंबर

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. एकदा धारला माहेरी गेले तेव्हा आईपाशी बोलायचं ठरवलं होतं — पण तिने आधी सासूबाईंची चौकशी केली, त्यांच्यासाठी लोणच्याची बरणी बांधायला घेतली, आणि माझा धीर सुटला. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, देवासच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांना एक वेड लागलं. जुन्या कॉम्प्युटरच्या चिपांचं. इंटरनेटवर त्या किलोच्या भावाने विकायला असत. पार्सल आलं की वर्तमानपत्रावर ओतायचं आणि तांदूळ निवडावेत तसं निवडत बसायचं. बहुतेक काळ्या, बिनकामाच्या. पण एखादी पांढऱ्या चिनीमातीची निघे, वर सोनेरी झाकण असलेली. त्या झाकणावर शाईने नंबर छापलेला असतो. कोणती चिप, कोणत्या साली बनली, सगळं त्यावरून कळतं. नंबर वाचता आला तर परदेशात कुठेतरी तिच्यासाठी झुरणारा एखादा संग्राहक सापडतो. नंबर नसेल तर उरतं ते झाकणावरचं चिमूटभर सोनं. भंगारच ते.

मामंजींना मोतीबिंदू. म्हणून नंबर वाचायच्या सासूबाई. त्यांचं शिक्षण मराठी चौथीपर्यंत, साताऱ्याकडच्या खेड्यात. इंग्रजी अक्षरं त्या या चिपांवरच शिकल्या. चहा झाला की भिंग घेऊन मामंजींच्या शेजारी बसायच्या आणि वाचायच्या, "सी... मग आठ... मग हे तुमच्या टकलासारखं शून्य." मामंजी कॉम्प्युटरवर शोधता शोधता म्हणायचे, "यार, नीट बघ ना, शून्य की ओ?" सोनेरी झाकणवाल्या चिपांना त्या नवरदेव म्हणत. मी आतून ऐकत असायची. खरं सांगू? मला हेवा वाटायचा. माझं नवीन लग्न झालेलं, आणि माझा नवरा शिफ्टवरून आला की जेवून झोपायचा.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी एक खरा नवरदेव निघाला. सगळ्यांत जुन्या पिढीतला. नंबर सासूबाईंनीच वाचला होता, तीनदा. मामंजींनी एका संग्राहकाला कळवलं, त्याने नंबरचा स्वच्छ फोटो मागितला. नवरा दसऱ्याच्या सुट्टीत मित्राचा कॅमेरा आणणार होता. गल्लीतले लोक ज्याला कचरा म्हणत आले, त्यात पहिल्यांदाच काहीतरी सापडलं होतं. मामंजी दोन दिवस शीळ घालत फिरत होते.

खंडेनवमीला पूजेसाठी त्यांनी स्क्रूड्रायव्हर, पक्कड, सोल्डरिंग आयर्न आणि ती चिप मांडायला काढून ठेवली. धारच्या आमच्या घरी आजोबा संस्थानात नोकरीला होते. तिथे तलवारीपासून अडकित्त्यापर्यंत सगळं चिंच आणि राखेने घासल्याशिवाय पाटावर जायचं नाही. देवासला नुसतं पुसून मांडत. मला वाटलं, दाखवावं यांना आमच्याकडची पद्धत. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. मी पक्कड घासली, स्क्रूड्रायव्हर घासला, आणि मग ती चिपही घेतली. अंगठ्याखाली शाई फिकट होताना मी पाहिली. थांबले — पण तोवर झाकण लख्ख कोरं झालं होतं.

इथवर नुसता मूर्खपणा. तो कुणाकडूनही झाला असता. पण पुढे?

मी चिप पुसून जागेवर ठेवली आणि अंगणात रांगोळी काढायला बसले. मामंजींनी भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. मग सासूबाईंना विचारलं, "अगं, ही तू घासलीस?" सासूबाईंचे हात सकाळपासून पितळ घासून चिंचेने काळपट झालेले. त्यांनी हातांकडे बघितलं, चिपेकडे बघितलं. म्हणाल्या, "घासली असेल बाई मीच. सकाळपासून समोर येईल ते घासतेय." मी दारातून ऐकलं. मूग गिळून बसले. एक वाक्य होतं हो — "मी घासली." एवढंच. का नाही निघालं तोंडातून?

मामंजी रागावले नाहीत. "चल, पूजा तर करू," म्हणाले आणि त्या कोऱ्या झाकणावर कुंकू लावलं. मला वाटलं, मिटलं.

मिटलं नाही. दसऱ्यानंतर नवीन पार्सल आलं, मामंजींनी हाक मारली, आणि सासूबाई आल्याच नाहीत. "माझ्या हाताला यश नाही," म्हणाल्या. भिंग माझ्या हातात दिलं. "सुनबाई शिकलेली आहे, ती वाचेल."

आणि मी वाचलं. पुढची कितीतरी वर्षं सासूबाईंच्या जागी मी बसले. चांगलं वाचायची मी, भराभर, न चुकता. मामंजी कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं — हे सगळ्यांत वाईट, म्हणून लिहून टाकते. सासूबाई चहाचा कप दाराशी ठेवून परत जायच्या. एकदा मामंजी मला हळूच म्हणाले, "तिला सांग ना, एखादा तरी वाच म्हणून. तिच्यासारखी मजा नाही येत." मी हो म्हटलं. सांगितलं मात्र नाही, कारण त्या येऊन बसल्या असत्या तर त्या दिवसाचा विषय पुन्हा निघाला असता.

फार प्रेमाची बाई होती हो. माझ्या बाळंतपणात रात्ररात्र मांडीवर पोर घेऊन बसली. मला कधी उलट शब्द बोलली नाही. मग मामंजी गेले, दोन वर्षांनी त्याही गेल्या.

माझ्या मुलीला त्या स्वतःच गोष्ट सांगायच्या, आपल्यालाच हसत — "तुझ्या आजीने एकदा आजोबांचा नवरदेव घासून भंगार केला बरं का." मुलगी आता मोठी झाली आहे. पाहुणे आले की आजीची आठवण म्हणून तीच गोष्ट सांगते, अगदी आजीच्या आवाजात. सगळे हसतात. मी वाढत असते, मीही हसते.

ती चिप मी घासली होती.