गळ्यातून न उतरलेली माळ

वाकोल्याच्या त्या चाळीतलं प्रकरण मी आजही विसरलेलो नाही.

ऐंशीच्या दशकात मी तिथल्या ठाण्यावर फौजदार होतो. एका दुपारी कोकणातून आलेले एक गृहस्थ जावयाचा दंड धरूनच आत शिरले.

"सायबानू, ह्या माणसान माझ्या चेडवाक विष घातल्यान!"

त्यांची गरोदर मुलगी सरकारी रुग्णालयात बेशुद्ध होती.

जावई साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचा. जबाब देताना त्याची नजर दारावरून हटेना. पळू पाहणाऱ्याची नजर मी ओळखतो. ही ती नव्हती.

"काय खायला घातलंस तिला?"

"काही नाही, साहेब. मला तिच्याकडे जाऊ द्या ना. माझ्या हाकेला तरी डोळे उघडेल."

"डॉक्टरकडे आधी का नेलं नाहीस?"

"माळ उतरायची वाट बघत होतो."

तिला कावीळ झाली होती. काविळीवर झाडाच्या मुळ्यांच्या तुकड्यांची माळ घालतात. सुकता सुकता ती सैल होऊन लांबते. कमरेखाली गेली की कावीळ उतरली, असं मानतात. हिची माळ रोज लांबत होती, म्हणून घरचे निर्धास्त होते. पोरगी भलतंसलतं बरळायला लागली तेव्हा कुठे धावपळ झाली.

हवालदारासोबत त्याला रुग्णालयात पाठवून मी चाळीत पंचनाम्याला गेलो. पाहतो तर बऱ्याच जणांच्या गळ्यात तशाच माळा, आणि नळाचा फुटका पाइप गटारातून गेलेला. विष होतं, पण कुणी घातलेलं नव्हतं.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. "पाण्यातून येणारी ही कावीळ बहुतेकांची बरी होते. गरोदर बाईचं मात्र कधीकधी यकृतच बंद पडतं. मग शुद्ध हरपली की परत येणारे थोडेच."

चाळीतले बाकीचे सगळे बरे झाले. ती मात्र पोटातल्या बाळासकट गेली. नवऱ्याने मारलेल्या हाका सगळ्या वॉर्डाने ऐकल्या, तिने ऐकल्या नाहीत.

सासऱ्यांना मी खरं कारण समजावलं. "मगे आता मी कोणाक धरू, सायबानू?" एवढंच ते म्हणाले. दुःखाला आरोपी लागतो, हे मी तिथे शिकलो. तेव्हापासून कुणाचे डोळे पिवळे दिसले की सांगतो, माळ घाला हवी तर, पण आधी डॉक्टर गाठा.

फाईल बंद झाल्यावर जावई एकटाच ठाण्यावर आला. तिच्या गळ्यातली माळ रुग्णालयातून गाठीसकट मुद्देमालात जमा झाली होती, ती त्याला हवी होती.

"काय करणार तिचं?" मी विचारलं.

"मीच बांधली होती साहेब. ती म्हणाली होती, उतरली की तुम्हीच सोडा हं."

माळ हातात दिली. माझ्या टेबलाशी उभं राहून त्याने ती गाठ सावकाश सोडली.