त्याच्या आवडीचं गाणं

आमचं कर्वे रस्त्यावर कॅसेट-सीडीचं दुकान होतं ना, तेव्हा एक पेन्शनर गृहस्थ यायचे. नाव कधी विचारलंच नाही बघा. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. एका इंग्रजी रॉक गायकाच्या निवडक गाण्यांची दर वेळी वेगळी सीडी लावायला सांगायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. संपली की म्हणायचे, "ह्यात ते नाहीये."

एकदा मी वैतागलेच. "अहो, गाजलेली सगळी आहेत की ह्यात!"

"गाजलेली लोकांची, वहिनी. मला माझ्या मुलाच्या आवडीचं हवंय."

मुलगा हिंजवडीला नोकरीला होता. मोटरसायकलच्या अपघातात गेला.

"ते गाणं त्याच्या कॅसेटवर होतं; ते पुसलं जाऊ नये म्हणून असलेल्या खाचेत कागदाचा बोळा कोंबून मीच तिच्यावर भजनं रेकॉर्ड केली हो. तो रागावलासुद्धा नाही. नुसता ते गाणं गुणगुणत राहिला."

मग दर खेपेला ते मला चाल म्हणून दाखवायचे, बेसूर, अडखळत.

गाणं काही सापडलं नाही. दुकानही गेलं, आता तिथे मोबाईल विकतात. चाल मात्र मला पाठ झालीय. भाजी निवडताना तोंडात येते. सून विचारते, "कोणाचं हो हे गाणं, आई?"

मी म्हणते, "एका मुलाचं."