दह्यातला सूर्यास्त

आमच्या घरात दही दोन कारणांसाठी टांगलं जातं. एक, सुनंदाला श्रीखंड करायचं असतं म्हणून. दोन, मला चित्र काढायचं असतं म्हणून. ही दोन गाठोडी शेजारीशेजारी टांगू नयेत, एवढं साधं शहाणपण मला यायला साठी उलटावी लागली.

सुनंदा माझी बायको. तिचं श्रीखंड अख्ख्या सुदामा नगरात प्रसिद्ध आहे. मी चित्रकार आहे. मी सुदामा नगरात राहतो.

शाळेतली ड्रॉइंग मास्तरकी संपली, पण चित्रकला काही संपली नाही (ती संपावी अशी घरात एकमताने इच्छा होती). त्याला कारण एक रंग. लग्नाच्या पहिल्याच वर्षी आम्ही दोघं बसने सांवेरहून परत येत होतो. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडलेलं, पुढे एक ट्रॅक्टर, त्याच्यामागे उडालेली धूळ आणि त्या धुळीत मावळतीचं ऊन शिरलेलं. धड केशरी नाही, धड पिवळा नाही. झोपेत कुणीतरी कपाळावर हात ठेवावा, तसा तो रंग होता. मी कंडक्टरला हात करून बस थांबवली, खाली उतरलो आणि शेताच्या बांधावर पाहत उभा राहिलो. बस गेली. सुनंदा बसमध्येच होती. (तिने हे मला माफ केलंय. दर महिन्याला करते.)

तो रंग बाजारातल्या कुठल्याच ट्यूबमध्ये मिळत नाही, म्हणून तो घरीच करायचा मी चंग बांधला. हळदीचा सूर्यास्त केला, खिडकीपाशी ठेवला, तो आठ दिवसांत खरोखरच मावळला. कांद्याच्या साली उकळून रंग केला, तो शेजारच्या काकांनी कोरा चहा समजून घेतला आणि वर ‘अदरक जास्त झाली’ म्हणाले. बिटाचा गुलाबी रंग एका रात्रीत असा काळा पडला की लग्नाच्या वरातीचं चित्र मला दुसऱ्याच एका मिरवणुकीचं म्हणून सांगावं लागलं!

हे सगळं चालायचं आमच्या मागच्या खोलीत. आणि त्या खोलीवर सुनंदाचा डोळा होता. श्रीखंडाच्या ऑर्डरी वाढल्या होत्या, दुसरा मोठा फ्रीज घ्यायचा होता, आणि घरात तो ठेवण्यासारखी जागा एकच होती. त्या जागी मी उभा असायचो.

“अहो, इतकी वर्षं झाली. तुमचं एक तरी चित्र घराबाहेर कुठे लागलंय का?”

“लागेल ना.”

“मग असं करू या. पाडव्यापर्यंत एक चित्र कुठेही लागू दे. कुठेही म्हणजे कुठेही, बस स्टँडवर लागलं तरी चालेल! लागलं तर खोली तुमची, मी पुन्हा नाव नाही काढणार. नाही लागलं, तर फ्रीज.”

त्या दिवसापासून फ्रीज या वस्तूकडे मी सवतीकडे पाहावं तसा पाहू लागलो.

पण देव असतो. तो दिघेजींच्या रूपाने स्कूटरवरून आला. दिघेजी आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी; जन्म इथल्या हिंदी मुलखात गेलेला, त्यामुळे ‘भाऊ’चं ‘भिया’ झालेलं. हॉलला नवा रंग दिला होता आणि पाडव्याला तिथे मंडळाची पंगत होती.

“मास्तर, स्टेजच्या बाजूची दीवार एकदम खाली-खाली वाटून राहिली आहे. तुमची एक मोठी पेंटिंग लावू ना भिया! पंगतीच्या आधी अनावरण करून टाकू. फ्री में हो जाएगा ना?”

“फ्रीमध्येच,” मी म्हणालो. (त्याच पंगतीचं श्रीखंड मंडळ सुनंदाकडून विकत घेणार होतं. दह्याला भाव आहे, कलेला मान आहे.)

आता सूर्यास्त काढायचा तर तोच काढायचा, सांवेरचा. आणि हळद-बिटाचे जुने रंग वापरायचे नाहीत. मोबाइलवर एका दाढीवाल्या माणसाने दाखवलं होतं की पूर्वीचे चित्रकार दुधातुपाच्या नाही, पण दह्यादुधाच्या रंगाने भिंती रंगवायचे आणि ते रंग शेकडो वर्षं टिकायचे. दही टांगायचं, चक्का काढायचा, त्यात भिजवलेला चुना घोटायचा, वरून रंगाची माती. मी दही टांगलं. शेजारी सुनंदाचं दही टांगलेलं होतंच. दोन गाठोडी संथपणे ठिबकत होती आणि मी खाली बसून ऐकत होतो. इतकी शांत दुपार आमच्या संसारात क्वचितच आली असेल.

एक गोष्ट सांगायला हवी. सुनंदाचा चक्का घरचाच असतो. डेअरीचा चक्का तिने आयुष्यात घरात येऊ दिलेला नाही. कुणी तिच्यासमोर तयार चक्क्याचं कौतुक केलं, तर ती त्या माणसाच्या प्रकृतीची चौकशी करते.

माझ्या चक्क्यात मी चुना, पिवळी माती आणि चिमूटभर गेरू घातला. रंग सुरेख दिसत होता. बाहेर उन्हाने नासेल म्हणून स्टीलच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवला आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवली, ‘खाऊ नये’. शेजारी सुनंदाचे केशर-वेलची घातलेले श्रीखंडाचे डबे होते. सगळे डबे एकाच मापाचे, एकाच मामाने लग्नात दिलेले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी माझ्या मनात आलं, श्रीखंडाची छटा आपल्या रंगाशी जरा ताडून पाहावी. सुनंदा भाजी आणायला गेली होती. मी दोन डबे बाहेर काढले, झाकणं उघडली, शेजारी ठेवली. हुबेहूब जुळी भावंडं! तेवढ्यात दिघेजींचा फोन आला.

“मास्तर, फ्रेमला खिळा केवढा ठोकू?”

मी खिळ्यावरून प्रकाशावर गेलो, प्रकाशावरून सांवेरवर. बोलता बोलता झाकणं लावली, डबे आत सारले. चिठ्ठी झाकणावर होती, डब्यावर नव्हती, हा विचार त्या वेळी करायला हवा होता. तो मी आता करतो आहे.

दुपारी ‘खाऊ नये’चा डबा घेऊन मी मागच्या खोलीत शिरलो आणि दार लावून घेतलं. खालची शेतं, बांध, ट्रॅक्टर हे साध्या ट्यूबच्या रंगात आधीच काढून ठेवलं होतं. आकाश तेवढं बाकी होतं. मी पहिला हात फिरवला आणि थांबलो. अहाहा! असा रंग माझ्या हाताखाली कधी आला नव्हता. मऊ, चमकदार, ब्रशच्या मागे स्वतःहून येणारा. तो कॅनव्हासवर पसरत गेला तशी खोली मागे पडली, पंख्याची घरघर मागे पडली, मी पुन्हा त्या बांधावर उभा होतो आणि ऊन अजून मावळलं नव्हतं. तांबूस बारीक तारा आपोआप उमटत होत्या, त्यांचे ढग झाले. काळे बारीक ठिपके आले. मला वाटलं, पक्षी घरी चाललेत, म्हणून मी ते तसेच राहू दिले. एक चारोळीसारखं काहीतरी सूर्यावर आलं. सूर्यावर डाग असतात असं वाचलं होतं.

वेलचीचा वास येत होता, नाही असं नाही. पण फ्रीजमध्ये शेजाऱ्याचा वास लागायचाच, असं मी स्वतःला समजावलं. शिवाय तो क्षण असा होता की मला वास आलाच असता तर स्वर्गाचा आला असता.

संध्याकाळी सुनंदा खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. चित्राकडे बराच वेळ पाहत राहिली. एक पाऊल पुढे आली, श्वास घेतला, आणि माझ्याकडे पाहिलं.

“कसं वाटलं?”

“चांगलं झालंय,” ती म्हणाली. “मी जरा बाहेर जाऊन येते.”

मला भरून आलं. बायको चित्र पाहून एकटं राहायला बाहेर गेली, असं किती चित्रकारांच्या नशिबी येतं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच चित्र बॅटरी रिक्षातून हॉलवर गेलं. (आकाश जरा ओलसर होतं. नवे रंग वेळ घेतात.) पंगती बसल्या, पानं वाढायला सुरुवात झाली आणि दिघेजींनी पडदा ओढला.

हॉल गप्प झाला. खिडकीतून ऊन येऊन नेमकं चित्रावर पडलं होतं आणि माझं आकाश आतून पेटल्यासारखं दिसत होतं. आमच्या मंडळात इतकी शांतता फक्त वर्गणीचा विषय निघाला तर होते.

“काय गजब केलं भिया!” मागून कुणीतरी ओरडलं.

दिघेजी चित्राच्या जवळ गेले, डोळे मिटले. “मास्तर, पेंटिंगमधून खुशबू येते आहे. सच्ची! सणाची खुशबू!”

“त्याला वातावरण म्हणतात,” मी नम्रपणे म्हणालो.

मी चित्रासमोर उभा होतो आणि मला खोली दिसत होती. माझी खोली, कायमची. त्यात ऊन, त्यात मी, आणि फ्रीज कुठेच नाही. अशा तंद्रीत पाहता पाहता मला दिसलं की आकाशातले पक्षी हलताहेत. मला नवल वाटलं नाही. म्हटलं, चित्र जिवंत झालं! थोर चित्रकारांचं होत असणार. पक्षी संथपणे सूर्याकडे निघाले होते. आणखी पक्षी आले. खाली बांधावरून आले, ट्रॅक्टर ओलांडून आले, फ्रेमच्या कडेवरून आले. आणि सगळे एका रांगेत चालत आले.

पक्षी चालत नाहीत.

मी पुढे होऊन बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. श्रीखंड! माझ्या सूर्याला मुंग्या लागल्या होत्या.

आणि मग दुसरा विचार आला. आकाशात श्रीखंड आहे, तर मग डब्यात काय आहे? चुना, माती आणि गेरू! मागे वळून पाहिलं तर सुनंदा पदर खोचून पंगतीत वाढत होती.

“वाढू नका!” मी ओरडलो. “कुणी खाऊ नका! श्रीखंडात चुना आहे!”

सगळ्या पंगतीचे हात पुऱ्यांसकट हवेत थांबले. नुकतेच पानावर बसलेल्या दिघेजींचा घास आत गेला होता, तो त्यांनी तिथेच थोपवला.

“सुनंदाताईंच्या श्रीखंडात चुना?” कुणीतरी म्हणालं, आणि ते वाक्य पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत माझ्या डोळ्यांदेखत गेलं.

सुनंदाने पातेलं खाली ठेवलं. तिचा चेहरा लाल झाला होता. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला ती सांवेरची बस आठवली.

“घाबरू नका कुणी,” ती म्हणाली. “यांचा चुन्याचा डबा घरीच आहे. काल संध्याकाळी उघडला तेव्हाच तो दगड झाला होता, त्यात चमचा उभा आहे, निघत नाही. श्रीखंड यांनी आकाशाला लावलं. बाकीच्या डब्यांचाही मी भरवसा धरला नाही, हे सगळं नवीन केलंय.” पुढचं वाक्य तिला जड जात होतं, हे मला इतक्या लांबून कळलं. “वेळ नव्हता, म्हणून चक्का डेअरीतून आणला.”

हॉलमध्ये अशी कुजबुज झाली की त्यापुढे चुना बरा होता.

मी तिच्याजवळ गेलो. “अगं, तुला कालच कळलं होतं? मग बोलली का नाहीस?”

“तुमचं चित्र पहिल्यांदा कुठे लागत होतं,” ती हळूच म्हणाली. “म्हटलं, पडदा तर उघडू दे. तुम्ही गप्प बसला असता तर कुणाला काही कळलंही नसतं.”

मला रडू आलं, हे मी लपवत नाही. माझ्यासाठी तिने आयुष्यभराचा नेम मोडला होता आणि मी ते तिला भर पंगतीत लाऊडस्पीकरशिवाय जाहीर करायला लावलं होतं.

तेवढ्यात पहिल्या पानावरून ताईआजी उठल्या. ताईआजी म्हणजे मंडळातलं सगळ्यात मोठं माणूस. त्यांनी नाक मुरडलं म्हणून लग्नं मोडली आहेत. काठी टेकत त्या चित्रापाशी गेल्या, मुंग्या झटकल्या, वरच्या कोपऱ्यातला एक ढग बोटावर घेतला आणि तोंडात टाकला.

“हं,” ताईआजी म्हणाल्या. “सुनंदाचं हे आहे. पानातलं बाजारचं आहे. जायफळ अंमळ कमी, पण चक्का घरचा!” आणि त्यांनी वाटी मागितली.

मग काय! “अरे हमको भी चखाओ!” म्हणत अर्धी पंगत उठली. कुणी क्षितिजावरून घेतलं, कुणी सूर्यावरून. मी “अहो, कला आहे ती!” म्हणत आडवा आलो, तर दिघेजी म्हणाले, “मास्तर, जरा सरका ना, ढग तुमच्या मागे आहे.” बघता बघता आकाश संपलं. उरला तो ट्रॅक्टर. आणि सुनंदापाशी ऑर्डर देणाऱ्यांची गर्दी जमली.

घरी येताना मीच म्हणालो, “खोली रिकामी करून देतो.”

“करा,” सुनंदा म्हणाली. “पण चित्र लागलं होतं, हेही खरं आहे. अर्धी खोली तुमची.” आणि ती शब्दाला जागली. खोली अर्धी तिची आहे, अर्धी माझी आहे. नवा फ्रीज माझ्या अर्ध्यात आहे.

तिने मला त्याच्या दारावर चित्र काढू दिलं. ट्यूबच्या रंगांनी, तिच्यासमोर, सगळे डबे कुलपात ठेवून. पुन्हा सांवेरचंच आकाश काढलं, आणि खोटं का बोलू, या वेळी तो रंग जवळजवळ सापडला. परवा एक अनोळखी गृहस्थ श्रीखंड न्यायला आले आणि दारावरच्या त्या सूर्यास्तासमोर थबकले. कितीतरी वेळ हलले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं, जे बांधावर उभं असताना माझ्या चेहऱ्यावर असणार. मी वाट पाहत होतो. शेवटी त्यांनी सूर्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले,

“भिया, यातलं अर्धा किलो द्या.”