दादा पाहुण्यांसमोर बसले

मला बघायला चांदवडची मंडळी येणार म्हटल्यावर काकांनी फर्मान काढलं, "दादांना त्या दिवशी एकलहऱ्याला आत्याकडे धाडा." दादा म्हणजे माझे वडील. त्यांना बायपोलर आहे. पूर्वी तेजीत आले की उजाडल्यापासून गुलाबाचे नवे वाफे आखायचे, भेटेल त्याला जेवायला बोलवायचे. उतरले की अंथरूण सोडायचे नाहीत. गोळ्या सुरू झाल्यापासून मात्र पंचवटीच्या बाजारात फुलं न्यायचं त्यांनी कधी चुकवलं नाही. अशा माणसाला लपवायचं? माझं तर डोकंच फिरलं. पण आपल्याकडे रीतच ती. स्थळ आलं की मधुमेह सांगतात, मनाचा आजार माळ्यावर टाकतात.

दादा एकलहऱ्याला गेलेच नाहीत. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून बैठकीत सगळ्यांच्या आधी येऊन बसले. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला!

पोहे संपायच्या आत दादांनीच विषय काढला. "मला बायपोलर आहे. गोळी रोज घेतो. माझ्या आईलाही हा आजार असावा, तेव्हा लोक अंगात येतं म्हणायचे. डॉक्टर सांगतात, हा वारशाने येऊ शकतो. पण एकाच जनुकाचं काम नाही. बरीच जनुकं मिळून असतात, वर झोप, ताण, माणसाचं जगणं. पोरीला होईलच असं नाही, होणारच नाही असंही नाही. विचार करून सांगा."

मुलाशी मी आधी फोनवर बोलले होते, तो मला मनापासून आवडला होता. तरी त्या क्षणी दादांचा इतका अभिमान वाटला, की उठून पाया पडावंसं वाटलं.

मुलाच्या आईने बशी खाली ठेवली आणि डोळ्याला पदर लावला. "आमचा थोरला बी असाच हाय हो. तुम्हाला कळू नये म्हणून आज त्याला मामाच्या मळ्यात धाडलाय."

"अहो, त्याला आणायचं ना!" दादा म्हणाले. "डॉक्टरांना दाखवलंत?"

"नाय."

लग्न नाही झालं. आजार दोन्ही घरांत म्हणून मुलगा कचरला, आणि मी खूप रडले. थोरल्याला मात्र दादा स्वतः चांदवडला जाऊन घेऊन आले. आता दर महिन्याला तो एसटीने येतो, दोघं मिळून दवाखान्यात जातात. नंबर येईपर्यंत दादा त्याला बजावत असतात, "मान खाली नाही घालायची. काय होतंय ते मोठ्याने सांगायचं."